'दा मिकेले', नेपल्स : दोनच पिझ्झे आणि एक दुपार

नेपल्सच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, फोर्चेल्ला या जुन्या वस्तीच्या कडेला, विया चेझारे सेरसाले नावाच्या आखूड रस्त्यावर 'लान्तिका पिझ्झेरिया दा मिकेले' हे उपाहारगृह आहे. नोकरीनिमित्त मी गेली चार वर्षे रोममध्ये राहते आणि या काळात येथे पाच वेळा जेवले आहे. पाचव्या खेपेला सांगलीहून आलेली आई सोबत होती. आधीच्या चार खेपांत जे माझ्या नजरेतून निसटले होते ते तिच्यामुळे दिसले, आणि म्हणूनच या आवडत्या जागेविषयी इतक्या उशिरा का होईना, पण सविस्तर लिहावेसे वाटले.

मला पिझ्झा लहानपणापासून आवडतो, आणि ज्या पिझ्झ्यावर ही आवड जडली त्याचा नेपल्सशी काडीचाही संबंध नव्हता. बेकरीतून आणलेले तयार बेस, त्यांवर टोमॅटो केचप, उभा चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि अमूलचे किसलेले चीज, आणि हे सारे तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजलेले, असा तो रविवारचा बेत असे. खालचा बेस कडक झाला आणि वरचे चीज वितळले की पिझ्झा झाला, अशी आमची समजूत होती. आजही तो पिझ्झा कुणी समोर ठेवला तर मी आनंदाने खाईन. मात्र त्या पिझ्झ्यामुळे एक सवय लागली, ती अशी की पिझ्झा म्हणजे वर काय काय घातले आहे, आणि त्यातही चीज किती आहे. ही सवय मी इटलीत येताना बरोबर घेऊन आले आणि 'दा मिकेले'मध्येही पहिल्या चारही वेळा तिलाच धरून राहिले.

या घराण्याचा पिझ्झ्याचा धंदा १८७० पासूनचा आहे. साल्वातोरे कोंदुर्रो यांच्यापासून तो सुरू झाला. त्यांचे पुत्र मिकेले यांनी १९०६ मध्ये आपली पहिली पिझ्झेरिया उघडली, आणि ती जागा इस्पितळाच्या बांधकामासाठी पाडली गेल्यावर १९३० मध्ये ते सध्याच्या ठिकाणी आले. आज या नावाच्या शाखा रोमसह जगातल्या अनेक शहरांत निघाल्या आहेत, परंतु हे परीक्षण केवळ नेपल्समधील मूळ जागेचे आहे. पिढ्यानपिढ्या येथे मुख्यतः दोनच पिझ्झे मिळत आले आहेत, मारिनारा आणि मार्गेरिता. अलीकडे यादीत एक-दोन नावांची भर पडली असली तरी येणारा माणूस या दोघांसाठीच येतो. मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. खलाशांशी जोडलेले नाव ऐकून अनेकांना त्यात मासे असतील असे वाटते, पण तसे काही नसते, आणि चीजही नसते. मार्गेरितावर टोमॅटो, ताजे चीज आणि तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने असतात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आम्ही रोमहून सकाळची वेगवान गाडी धरली. हा प्रवास साधारण सव्वा तासाचा आहे, त्यामुळे रोममध्ये राहणाऱ्याला नेपल्सला दुपारच्या जेवणापुरते जाऊन येणे सहज जमते. स्थानकाबाहेरच्या गारिबाल्दी चौकातून कोर्सो उंबेर्तो या रुंद रस्त्याला लागायचे, थोडे चालून उजवीकडच्या गल्लीत वळायचे, आणि मग पत्ता विचारावा लागत नाही, कारण लोकांचा घोळका दिसतो. दारातल्या माणसाकडून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर थांबायचे, ही येथली पद्धत आहे. आम्हाला ४७ क्रमांक मिळाला. क्रमांक इटालियनमध्ये मोठ्याने पुकारले जातात, त्यामुळे आपला आकडा ऐकायला कसा लागतो हे आधी पाठ करून ठेवणे फार आवश्यक आहे. पहिल्या खेपेला मी मोबाईलमध्ये डोके घालून उभी होते आणि माझा क्रमांक केव्हा येऊन गेला ते मला कळलेही नाही.

आई निवृत्त शिक्षिका आहे. तिने मला एक ते दहा आकडे इटालियनमध्ये म्हणायला लावले, आणि 'सेत्ते', 'ओत्तो', 'नोवे' ऐकल्यावर, "अगं, हे तर सप्त, अष्ट, नव!" असे म्हणून ती इतकी खूश झाली की पुढची पन्नास मिनिटे तिने आमच्या क्रमांकाची जबाबदारी स्वतःकडेच ठेवली. 'क्वारान्तासेत्ते' असा पुकारा झाला तेव्हा माझ्याआधी तीच दाराकडे निघाली होती.

आतली जागा साधी आहे. संगमरवरी माथ्याची टेबले आहेत, भिंतींना फरशा लावल्या आहेत, आणि टेबल तुमच्या एकट्याचे असेलच असे नाही. आमच्या समोर एक वयस्कर नेपल्सकर जोडपे बसले होते. टेबलावर कापड नाही, शोभेची मांडणी नाही, आणि वाढपी मागणी घ्यायला येतो तेव्हा तुमचे ठरलेले असावे अशी त्याची अपेक्षा असते. ठरवण्यासारखे फारसे नसल्यामुळे ते कठीणही नाही. मी नेहमीप्रमाणे मार्गेरिता सांगितला. आईने मात्र आधी चीज कशाने विरजतात ते विचारायला सांगितले, आणि त्या प्रश्नावर थोडे थांबणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या पुष्कळ शाकाहारी मंडळींना तो पडतो किंवा पडायला हवा.

आपल्याकडच्या पाकिटबंद चीजवर हिरवा ठिपका असतो आणि आपण निश्चिंत असतो. इटलीत परंपरेने चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या, आणि मेंढीच्या दुधाच्या काही चीजमध्ये कोकराच्या, जठरातून काढलेले रेनेट वापरतात. म्हशीच्या दुधाच्या मोझारेल्लापासून पिझ्झ्यावर भुरभुरायच्या कठीण चीजपर्यंत अनेकांना हे लागू आहे. कुणी खावे आणि कुणी खाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी स्वतः खाते. आईला मात्र हे कळल्यावर चीज नको होते, आणि तिच्यासाठी मारिनारा मागवण्यावाचून पर्याय उरला नाही. नेपल्सच्या पद्धतीच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काही नसते. दूध नाही, लोणी नाही, चरबी नाही, साखरही नाही. त्यामुळे मारिनारा हा सर्वार्थाने शाकाहारी पिझ्झा आहे. चातुर्मास पाळणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की त्यात लसूण असतोच, आणि तो काढला तर मारिनारात फारसे काही उरत नाही.

खरे सांगायचे तर मला थोडे वाईट वाटले. आईला एवढ्या लांब आणून, तासभर उभे करून, शेवटी बिनचीजचा पिझ्झा खायला घालायचा, हे मनाला लागले होते.

आमच्या जागेवरून भट्टी दिसत होती, आणि आई भट्टीकडे तोंड करून बसली होती. पिझ्झा करणाऱ्याला येथे पिझ्झायोलो म्हणतात. नेपल्सच्या पिझ्झायोलोंची ही कला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आहे. मी ते काम पूर्वी चार वेळा पाहिले होते, पण पाहिले म्हणजे तिकडे तोंड करून बसले होते एवढेच. आईने ते एक भाकरी करणारी बाई जसे पाहील तसे पाहिले. फुगून आलेला उंडा संगमरवरी ओट्यावर पिठात घोळवला जातो. मग दोन्ही हातांची बोटे मध्यभागी टेकवून तो बाहेरच्या बाजूला दाबत नेला जातो, कडेचा बोट-दीड बोट भाग मात्र दाबायचा नाही. मग तो उचलून एका तळव्यावरून दुसऱ्यावर असा चटकन फिरवायचा की जास्तीचे पीठ झडते आणि पारी ताणली जाते. या कामात लाटणे वर्ज्य आहे. "हा लाटत नाहीये, थापतोय," आई म्हणाली, आणि काही वेळाने, "कडेला हात लावत नाही बघ, वारा तिकडे सारतोय." ती म्हणाली ते अक्षरशः खरे आहे. तासन्‌तास आंबून पिठात जो वायू भरलेला असतो तो बोटांनी मध्यातून कडेकडे ढकलला जातो, आणि भट्टीत गेल्यावर तीच कड फुगून उभी राहते. त्या कडेला कोर्निचोने म्हणतात. लाटणे फिरवले तर हा वायू निघून जातो आणि कड बसते.

मी रोममध्ये राहते म्हणून हा फरक मला रोज खायला मिळतो, तरी त्याचे कारण मी कधी शोधले नव्हते. रोमचा गोल पिझ्झा लाटण्याने लाटतात. तो पातळ आणि कडकडीत होतो, आणि चांगला जमलेला असला की मोडताना खाकऱ्यासारखा आवाज येतो. नेपल्सचा पिझ्झा मऊ असतो, मध्यभागी जवळजवळ ओला असतो, आणि उचलला तर मान टाकतो. अनेक भारतीय पर्यटक तो कच्चा आहे असे समजून नाराज होतात. तो कच्चा नसतो. लाकडाच्या भट्टीत सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापमान असते आणि पिझ्झा आत फक्त ६० ते ९० सेकंद राहतो. एवढ्या कमी वेळात पिठातले पाणी पूर्ण आटत नाही, म्हणून तो मऊ राहतो, आणि आच एवढी प्रखर असते की कडेवर काळे फोड येतात. घरातल्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवलेला पिझ्झा तितका वेळ सुकत राहतो, आणि म्हणून घरी तो तसा होत नाही. मी घरी अनेकदा प्रयत्न केला आहे आणि पिठाला दोष दिला आहे. दोष आचेचा होता.

आई मनातल्या मनात आकडे मोजत होती. एका पिझ्झ्याला तिने सत्तरपर्यंत मोजले, दुसऱ्याला पंचाहत्तर. भट्टीशी उभा असलेला माणूस लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा किंचित उचलून फिरवत होता, कारण आगीकडची बाजू आधी होते. आई म्हणाली, "चुलीवर भाकरी फिरवतो तसंच."

मारिनारा आधी आला. येथे पिझ्झा ताटात मावत नाही. त्याची कड चारी बाजूंनी ताटाबाहेर लोंबत असते. नेपल्समध्ये या मोठ्या पातळ पिझ्झ्याला 'रुओता दी कार्रो' म्हणजे गाडीचे चाक म्हणतात, आणि बैलगाडी पाहिलेल्या माणसाला ते नाव लगेच पटते. वर गर्द तांबडा टोमॅटो, त्यावर तेलाचे सोनेरी वळसे, लसणाच्या पातळ चकत्या आणि ओरेगानो. पांढऱ्याचा एक ठिपकाही नव्हता. माझ्या डोळ्यांना ते अपुरे दिसले.

आईने कडेचा एक तुकडा हाताने तोडला, तसाच कोरडा खाल्ला, मग दुसरा तुकडा टोमॅटोत टेकवून खाल्ला. मग माझ्याकडे ताट सरकवून म्हणाली, "तू वरचं बघतेस. आधी भाकरी खा."

मी खाल्ली. कडेचा पापुद्रा अगदी पातळ, काळ्या फोडांपाशी किंचित कडवट, ज्वारीच्या भाकरीच्या करपलेल्या ठिपक्यासारखा, आणि त्याच्या आत जाळीदार, ओलसर, हलके पीठ. दाताखाली ते आधी ताणले जाते आणि मग लगेच विरघळते. आंबवलेल्या पिठाची एक हलकी आंबूस गोडी असते, ती घोटभर पाण्यानंतरही जिभेवर राहते. हे सर्व मार्गेरितातही असते, कारण पीठ तेच आणि भट्टी तीच. पण मार्गेरितात पहिल्या घासापासून दूध आणि चरबी यांचा थर जिभेवर बसतो आणि पीठ मागे पडते. चार वेळा येऊन मी जगातल्या सर्वोत्तम रोट्यांपैकी एक खात होते आणि दाद देत होते चीजला.

मारिनाराच्या टोमॅटोविषयी लिहिले पाहिजे. वेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातल्या सुपीक पट्ट्यात सान मार्झानो नावाचा लांबट टोमॅटो पिकतो, आणि सार्नो-नोचेरा भागातल्या या पिकाला युरोपीय संघाचे उगमस्थानाचे संरक्षण आहे. नेपल्सच्या परंपरेत पिझ्झ्यावर घालायचा टोमॅटो आधी शिजवत नाहीत. सोललेला टोमॅटो नुसता चिरडून, मीठ घालून पसरतात, आणि तो शिजतो ते भट्टीतल्या सव्वा मिनिटात जेवढा शिजेल तेवढाच. म्हणून त्याची चव सॉसची लागत नाही, फळाची लागते. आधी आंबट, मग गोड. लसूणही पूर्ण शिजत नाही. तो तेलात गरम होऊन मवाळ होतो, पण त्याची धार जात नाही. ओरेगानोचा वास ओव्याच्या जवळ जाणारा आहे हे आईने पहिल्याच घासाला ओळखले. लसूण, ओवा, आंबट टोमॅटो आणि भाजलेले पीठ, एवढेच सांगितले तर मिरजेच्या पुढच्या कुठल्याही खेड्यात हे जेवण कुणाला परके वाटणार नाही, आणि तरीही चव म्हणून ती मी दुसरीकडे कुठेही घेतलेली नाही.

मार्गेरिता दोन-तीन मिनिटांनी आला. त्याविषयी वाईट लिहिण्याचे काहीच कारण नाही. टोमॅटो तोच, आणि त्यावर चीजचे विरघळून पसरलेले पांढरे ढग, मध्ये बेसिलचे एखादे पान. सर्वसाधारण समज असा आहे की नेपल्समध्ये पिझ्झ्यावर म्हशीच्या दुधाचा मोझारेल्लाच असतो. तो असतो, पण सगळीकडे नसतो. या घराची ख्याती गायीच्या दुधाच्या 'फियोर दी लात्ते'साठी आहे, आणि तो अमाल्फी किनाऱ्याच्या वरच्या डोंगरांतल्या अजेरोला गावचा असतो. फियोर दी लात्ते म्हणजे दुधाचे फूल, आणि हे नाव मला फार आवडते. म्हशीच्या दुधाचे ताजे चीज अधिक पाणी सोडते आणि पिझ्झ्याचा मध्य चिखल करू शकते. गायीच्या दुधाचे चीज त्या मानाने आटोपशीर वागते. चव मवाळ, ताज्या सायीच्या अंगाने जाणारी. दुप्पट चीजचा मार्गेरिताही येथे मिळतो. मी तो एकदा खाल्ला आहे आणि पुन्हा मागवणार नाही, कारण चीज दुप्पट झाले की पाणीही दुप्पट होते आणि टोमॅटो हरवतो. आता वाटते की तेव्हाच मला हे कळायला हवे होते.

मार्गेरिता या नावाची कथा सर्वांनी ऐकलेली असते. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफ्फाएले एस्पोझितो या पिझ्झायोलोने तिच्यासाठी इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, आणि तिला तो आवडला म्हणून तिचे नाव त्याला मिळाले, अशी ती आहे. इतिहासकारांनी या कथेवर आणि तिच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या पत्रावरही गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि टोमॅटो, मोझारेल्ला व बेसिल घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये त्याआधीही होत होता. राणीचे नाव नसते तर मारिनाराला आज असा दुय्यम मान मिळाला असता का, असा प्रश्न मला पडतो. तो अधिक जुना आहे, गरिबांचा आहे, आणि त्याच्या वाट्याला कथा आली नाही.

खाण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सांगते. टेबलावर सुरी-काटा ठेवलेला असतो आणि बहुतेक स्थानिक लोक मधला ओला भाग त्यानेच खातात. पिझ्झा कापून येत नाही, संपूर्ण येतो. आमच्या समोरच्या आजोबांनी मात्र अर्धा पिझ्झा झाल्यावर उरलेल्याची घडी घातली आणि पुन्हा घडी घालून तो हातात धरला. नेपल्सच्या रस्त्यांवर पिझ्झा असाच चौपदरी घडी करून विकतात. आई त्यांच्या हाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "घडीची पोळी." मग तिनेही तसेच केले. घडी घातली की टोमॅटो आतल्या आत राहतो, वाफ कोंडली जाते, आणि प्रत्येक घासात पीठ दोन्ही बाजूंनी येते. आता मी मारिनारा याच पद्धतीने खाते.

खर्चाचे म्हणाल तर एका पिझ्झ्याला आम्हाला सहा युरोंच्या आसपास पडले, आणि पाणी धरूनही दोघींचे जेवण पंधरा युरोंच्या आत झाले. रोममध्ये एका प्रसिद्ध चौकात, जेवणाच्या पदार्थांची रंगीत छायाचित्रे दाराशी लावलेल्या एका हॉटेलात, मी आईला आदल्याच आठवड्यात नेले होते. तेथे यापेक्षा दुपटीहून जास्त पैसे देऊन आम्ही रबरासारखे चीज आणि गोडसर डबाबंद सॉस खाल्ला होता, आणि नुसत्या टेबलावर बसण्याचे वेगळे पैसे मोजले होते. ते हॉटेल मीच निवडले होते, याची बोच मला नेपल्सच्या गाडीत बसेपर्यंत होती.

ही जागा सर्वांना मानवेल असे मात्र मी म्हणणार नाही. जेवण झाल्यावर गप्पा मारत बसायचे असेल तर येथे येऊ नये. बाहेर लोक चिठ्ठ्या घेऊन उभे असतात आणि जेवलेल्या माणसाने उठावे हे येथे गृहीतच आहे. आम्ही आत गेल्यापासून पस्तीस मिनिटांत बाहेर होतो. बाहेर थांबावे लागते ते रस्त्यावरच, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी दुपारी एक-दीडची वेळ टाळावी आणि अकराच्या सुमारास पोहोचावे. आईसारखी पासष्टीची पण चालती-फिरती व्यक्ती असेल तर अडचण येत नाही. लहान मुलांना पिझ्झ्यावर मक्याचे दाणे, पनीर किंवा ढोबळी मिरची हवी असेल, तर ते येथे मिळणार नाही आणि मागूही नये. सुरुवात, मुख्य जेवण आणि गोड असा बेत करायचा असेल, तरीही दुसरीकडे जाणे बरे.

पण पिझ्झा आवडतो असे जो म्हणतो त्याने येथे एकदा यावे, आणि मी चार वेळा केली ती चूक करू नये. मारिनारा हा चीज न खाणाऱ्यांची सोय म्हणून ठेवलेला पदार्थ नाही. या भट्टीत काय होते ते त्यात सर्वांत स्पष्ट कळते. चुकलेले पीठ, शिळा टोमॅटो किंवा कमी पडलेली आच लपवायला त्यात काहीच नसते, आणि असा पिझ्झा इतकी वर्षे रोज विकणे हे मोठे धाडस आहे. त्या दिवशी तो जसा जमला होता तसा जमण्यासाठी उंडा किती वेळ ठेवायचा, कोणत्या हवेत पाणी किती घालायचे, लाकूड केव्हा सारायचे, हे सगळे कुणाच्या तरी हातात मुरलेले असले पाहिजे. आईने उठताना भट्टीकडे पाहून हात जोडले. भट्टीजवळच्या माणसाने फावडे न सोडता मान झुकवली.

एक बारीक गोष्ट राहिली, आणि दोघांनी मिळून जाणाऱ्यांसाठी ती उपयोगाची आहे. आम्ही दोन्ही पिझ्झे अर्धे-अर्धे वाटून घेतले नसले, तरी मार्गेरिता येण्याआधी मी आईच्या मारिनाराचे चार घास खाल्ले होते, आणि त्यानंतर मार्गेरिताचे चीज मला फिके लागले, कारण लसूण जिभेवर ठाण मांडून बसतो आणि फियोर दी लात्तेची साय त्यापुढे टिकत नाही. शिवाय मार्गेरिता निवला की त्याचे चीज घट्ट होते, तर मारिनारा कोमट झाला तरी त्याची चव फारशी उतरत नाही. तेव्हा दोन्ही मागवावेत, मार्गेरिता गरम असतानाच दोघांनी मिळून संपवावा, आणि मग मारिनाराची घडी घालावी.